गोलरेषेवरचे दोन हात

२ जुलै २०१०. जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी मैदानावर विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, उरुग्वे विरुद्ध घाना. आपल्याकडे तो मध्यरात्री बाराला सुरू झाला, त्यामुळे शेवटाला येईपर्यंत अडीच वाजत आले होते. घरचे झोपलेले, टीव्हीचा आवाज अगदी बारीक, तरी प्रेक्षकांच्या त्या व्हुव्हुझेलांची, म्हणजे लांब पिपाण्यांची, घूंघूं खोलीभर. १-१ अशी बरोबरी. नव्वद मिनिटं संपली, जादा वेळेची तीसही संपली, आणि घानाला उजव्या अंगाला एक फ्री किक मिळाली.

चेंडू गोलसमोरच्या गर्दीत आला, कुणाच्या तरी डोक्याला लागून पुढे सरकला. उरुग्वेचा गोलरक्षक मुस्लेरा तो पकडायला पुढे धावला आणि चकला. स्टीफन अप्पियाने फटका मारला, तो गोलरेषेवर उभ्या असलेल्या लुइस सुआरेझच्या गुडघ्याला लागून परत आला. परत आलेल्या चेंडूवर डॉमिनिक अदियाचं हेडर. गोलरक्षक जागेवर नाही, चेंडू सरळ जाळ्याकडे निघालेला. सुआरेझने दोन्ही हात वर केले आणि व्हॉलीबॉल खेळतात तसा चेंडू बाहेर ढकलला.

सुआरेझ आघाडीपटू. त्याचं काम गोल करण्याचं. हात लावण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. पंचांनी लाल कार्ड काढलं, घानाला पेनल्टी दिली, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक असताना मारायची किक. असामोआ ग्यान पुढे आला, त्याने जोरात मारली, आणि चेंडू क्रॉसबारवर आपटून वर उडून गेला. शिट्टी. सामना टायब्रेकरमध्ये गेला, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने पेनल्टी मारायच्या, आणि टायब्रेकर उरुग्वेने ४-२ असा जिंकला.

त्या रात्रीपासून, दर विश्वचषकाच्या वेळी, कुणीतरी मला एकच प्रश्न विचारतं. चेंडू तर आत चाललाच होता ना? मग पंचांनी सरळ गोल का नाही दिला? प्रश्न भाबडा वाटतो, पण त्याचं उत्तर शोधायला लागलं की बाद फेरी म्हणजे नेमकं काय, पेनल्टी कुठून आली, आणि नियमांना न्यायाची किती फिकीर असते, हे सगळं एका धाग्यात ओवलेलं सापडतं.

आधी नियम. गोल कधी होतो? संपूर्ण चेंडूने संपूर्ण गोलरेषा ओलांडली की. अर्धा चेंडू आत, पाव बाहेर असलं काही चालत नाही. ‘जाणारच होता’ ही भाषा नियमपुस्तकाला येत नाही. चेंडू गेला किंवा नाही गेला, एवढंच त्याला कळतं. बचाव करणाऱ्याने स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात मुद्दाम हात लावला, तर समोरच्या संघाला पेनल्टी. आणि त्या हातामुळे होणारा गोल हुकला असेल, तर हात लावणाऱ्याला थेट लाल कार्ड, म्हणजे तो मैदानाबाहेर, त्याचा संघ दहा जणांवर, आणि पुढच्या सामन्यात त्याला बंदी. त्या रात्री पोर्तुगालचे पंच ओलेगारिओ बेंकेरेन्सा यांनी नेमकं हेच केलं. त्यांच्या निर्णयात काडीचीही चूक नव्हती. तरी घानाला लुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणंही चुकीचं नव्हतं.

ही विसंगती कुठून येते? घड्याळातून.

साखळी सामन्यात उधारी चालते. आज हरलात तर परवा जिंका, गुणांची गोळाबेरीज करा, दुसऱ्या मैदानावरच्या निकालाकडे डोळे लावा. बाद फेरीत सगळा व्यवहार रोखीचा. हरलेला संघ थेट विमानतळावर. त्यामुळे ‘पुढचा सामना’ ही गोष्ट फक्त जिंकणाऱ्याला असते. लाल कार्डाची सगळी जरब मात्र या पुढच्यावरच उभी आहे: उरलेली मिनिटं दहा जणांनी काढायची, पुढच्या सामन्याला मुकायचं. आता सांगा, उरलेली मिनिटं शून्य असतील आणि हरल्यावर पुढचा सामनाच नसेल, तर लाल कार्डाला भ्यायचं कशासाठी?

बोटांवर हिशेब करू. सुआरेझने हात लावला नसता तर चेंडू आत, घाना २-१, सामना संपला. उरुग्वेची शक्यता शून्य. हात लावला तर पेनल्टी. पेनल्टी ढोबळमानाने चारपैकी तीन वेळा आत जाते. म्हणजे चारात एकदा वाचण्याची आशा. वाचलो तर टायब्रेकर, तिथे नाणं उडवल्यासारखं अर्धं-अर्धं. चारात एकाचं अर्धं, म्हणजे आठात एक. शंभरातले बारा-तेरा. फार नाही, पण शून्यापेक्षा बरेच.

हाच प्रसंग दहाव्या मिनिटाला घडला असता तर? हात लावल्यावर पेनल्टीत तीन-चतुर्थांश गोल तर जाणारच, वर ऐंशी मिनिटं दहा जणांनी पळत राहायचं. तेव्हा शहाणा खेळाडू गोल होऊ देईल, चेंडू उचलून मध्यभागी ठेवेल आणि पुन्हा सुरुवात करेल. म्हणजे गुन्हा तोच, कलम तेच, शिक्षा कागदावर तीच, पण किंमत मिनिटागणिक उतरत जाते. सुआरेझने गुन्हा केला तेव्हा बाजारभाव तळाला होता. त्याने हा हिशेब मनात मांडला असेल असं मी म्हणत नाही. अर्ध्या सेकंदात कोण गणित करतो? पण अंगात मुरलेला खेळाडू असं गणित हातानेच करतो.

त्या सामन्यात पणाला काय लागलं होतं, हेही पाहायला हवं. आफ्रिकेत भरलेला तो पहिला विश्वचषक. आफ्रिकेचे सहा संघ उतरले, त्यातले पाच साखळीतच आटोपले, यजमान दक्षिण आफ्रिकासुद्धा. साखळीत बाद होणारा तो पहिलाच यजमान. मग साऱ्या खंडाने घानाला आपलं मानलं. दक्षिण आफ्रिकेच्या संघाला लाडाने ‘बाफाना बाफाना’ म्हणतात, त्यावरून लोक ‘बाघाना बाघाना’ म्हणायला लागले. आफ्रिकेचा एकही संघ तोवर विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोचला नव्हता. १९९० मध्ये कॅमेरून आणि २००२ मध्ये सेनेगल याच पायरीवरून, दोघंही जादा वेळेत, परतले होते. समोर उरुग्वे, लोकसंख्या जेमतेम तेहेतीस-चौतीस लाख, पण १९३० आणि १९५० चा जगज्जेता. उपांत्य फेरी त्यांनीही १९७० नंतर पाहिली नव्हती. मध्यंतराच्या तोंडावर सुली मुंतारीने बऱ्याच लांबून मारलेल्या फटक्याने घाना पुढे, उत्तरार्धात दिएगो फोर्लानच्या फ्री किकने बरोबरी. मग तो शेवट.

आता या कथेतला मला सगळ्यात आवडणारा भाग. मुळात पेनल्टी नावाची गोष्ट जन्मालाच आली ती अशाच एका हातामुळे.

१८९१ सालचा फेब्रुवारी, इंग्लंडमधल्या एफए कपचा उपांत्यपूर्व सामना, म्हणजे पुन्हा बाद फेरीच. स्टोक विरुद्ध नॉट्स काउंटी. नॉट्स काउंटी १-० ने पुढे, वेळ संपत आलेली, स्टोकचा चेंडू गोलमध्ये चाललेला, आणि काउंटीच्या एका बचावपटूने तो रेषेवर हाताने अडवला. तेव्हा पेनल्टी नव्हतीच. मिळाली ती साधी फ्री किक, गोलरेषेला चिकटून. काउंटीचा गोलरक्षक चेंडूच्या पुढ्यात भिंतीसारखा उभा राहिला, किक अडली, स्टोक बाहेर. एका आयरिश गोलरक्षकाने, विल्यम मॅक्रम त्याचं नाव, अशा गुन्ह्यांसाठी आदल्याच वर्षी कडक शिक्षा सुचवली होती. तेव्हा लोकांनी ती हसण्यावारी नेली. सभ्य माणूस मुद्दाम फाउल करेल असं गृहीत धरणं हाच अपमान, असा त्या काळचा सूर. स्टोकचं बघितल्यावर सूर बदलला आणि जून १८९१ मध्ये पेनल्टी नियमात आली.

स्टोकचं दुर्दैव इथे संपत नाही. त्याच वर्षाच्या शेवटी ॲस्टन व्हिलाविरुद्ध ते एका गोलने मागे, दोन मिनिटं उरलेली, आणि त्यांना ही नवीकोरी पेनल्टी मिळाली. व्हिलाच्या गोलरक्षकाने चेंडू उचलला आणि मैदानाच्या पार बाहेर भिरकावून दिला. चेंडू शोधून आणेपर्यंत वेळ संपली, पेनल्टी राहिली ती राहिलीच. मग नियमात भर पडली: पेनल्टी दिली असेल तर ती मारून होईपर्यंत वेळ वाढवायची. १२० मिनिटं उलटून गेल्यावरही ग्यानला किक मारता आली, ती स्टोकच्या या दोन पराभवांच्या पुण्याईवर. आता या वाढीव वेळेची एक बारीक अट आहे. वेळ संपल्यावर मारलेली पेनल्टी म्हणजे एकच घाव. चेंडू गोलरक्षकाला किंवा खांबाला लागून परत आला, तर धावत येऊन पुन्हा मारायची सोय नाही. लागला तर लागला.

आणि ग्यानचा लागला तो क्रॉसबारला.

त्याला भित्रा म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. त्याच स्पर्धेत त्याने सर्बिया आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन पेनल्टी आत घातल्या होत्या. अमेरिकेविरुद्ध जादा वेळेत विजयी गोलही त्याचाच. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच, चेंडू ठेवायचा अकरा मीटरवर. गल्लीत दप्तरांचे गोलपोस्ट करून आणि ‘तीन कॉर्नर, एक पेनल्टी’ हा कायदा पाळून वाढलेल्या आपल्यासारख्यांना पेनल्टी म्हणजे फुकटचा गोल वाटतो. पण दोन तास धावून गोळे आलेल्या पोटऱ्यांनी, चौऱ्याऐंशी हजार लोकांसमोर, आख्ख्या खंडाचं ओझं घेऊन मारायची असते तेव्हा अकरा मीटर फार लांब असतात. वर मारलं तर गोलरक्षकाचा हात पोचत नाही, म्हणून ग्यानने वर मारलं. बेत बरोबर होता. थोडक्यात हुकला.

मैदानाबाहेर जाणारा सुआरेझ जर्सी तोंडावर ओढून रडत चालला होता. बोगद्याच्या तोंडाशी थांबून त्याने मागे पाहिलं, चेंडू बारवर आपटताना दिसला, आणि तो उड्या मारायला लागला. कॅमेऱ्याने ते टिपलं. मला वाटतं लोकांचा खरा राग हातापेक्षा या उड्यांवर आहे.

मग टायब्रेकर. आपल्या वर्तमानपत्रांनी हा शब्द पक्का रुजवला आहे. कोल्हापूरच्या पेठांमधल्या संघांची स्पर्धा असो की विश्वचषक, मथळा तोच, ‘टायब्रेकरवर मात’. पूर्वी बरोबरी सुटली नाही तर सामना पुन्हा खेळवायचे, नाहीतर सरळ नाणं उडवायचे. १९६८ च्या युरो स्पर्धेत इटलीने सोव्हिएत संघाविरुद्धची उपांत्य लढत नाण्यावर जिंकली आणि नंतर अजिंक्यपदही मिळवलं. नाण्याची लाज वाटायला लागली म्हणून १९७० मध्ये टायब्रेकर आला. मधल्या काळात ‘गोल्डन गोल’ही करून पाहिला, जादा वेळेत पहिला गोल पडला की खेळ खल्लास. १९९८ आणि २००२ च्या विश्वचषकांत तो होता. संघ धाडसी होतील ही अपेक्षा, झाले उलट भित्रे. तो गेला, बरं झालं.

टायब्रेकरबद्दल दोन गोष्टी बहुतेकांना ठाऊक नसतात. एक, तो सामन्याचा भाग नाही. नोंदवहीत घाना-उरुग्वे सामना आजही १-१ बरोबरीत सुटलेलाच आहे. टायब्रेकर फक्त पुढे कोण जाणार ते ठरवतो. दुसरी गोष्ट या प्रकरणात फार बोचणारी. टायब्रेकरसाठी दोन्ही संघांची संख्या सारखी करावी लागते. एका संघाचा खेळाडू लाल कार्डाने गेला असेल, तर दुसऱ्यालाही आपला एक गडी बाजूला काढावा लागतो. कारण उघड आहे: दहा जणांच्या संघाची फेरी लवकर पूर्ण होऊन त्यांच्या उत्तम खेळाडूला दुसरी किक आधी मिळू नये. नियम म्हणून अगदी चोख. पण परिणाम काय, तर सुआरेझच्या लाल कार्डाने घानाला मिळालेला अकरा विरुद्ध दहाचा फायदा जन्मतःच मेला. तो वापरायला मैदानावर एक मिनिटही उरलं नव्हतं, आणि टायब्रेकरमध्ये तो मोजतच नाहीत.

तिथे घानाची पहिली किक कुणी घेतली माहितीये? ग्यानने. काही मिनिटांपूर्वी देशाचं स्वप्न बारवर आपटवून आलेला माणूस पुन्हा त्याच जागी उभा राहिला, पुन्हा वरच मारलं, आणि या वेळी चेंडू आत. मी फुटबॉलमध्ये पाहिलेल्या धैर्याच्या गोष्टींत ही फार वर आहे, आणि ती कुणाच्या लक्षातही नसते. पुढे जॉन मेन्साची किक मुस्लेराने अडवली. उरुग्वेच्या मॅक्सी परेराने चेंडू आकाशात धाडला, क्षणभर आशा वाटली. मग आला अदिया, तोच, ज्याचं हेडर सुआरेझने हाताने परतवलं होतं. वय वर्षं वीस. त्याचीही किक मुस्लेराने अडवली. शेवटची किक उरुग्वेच्या सेबास्टियन अब्रेऊची. या गृहस्थाचं टोपणनावच ‘लोको’, म्हणजे वेडा. त्याने जोरात मारण्याचा आव आणून चेंडू हळूच मधोमध उचलून टाकला. घानाचा गोलरक्षक झेपावला, चेंडू मात्र तरंगत आत.

सुआरेझला शिक्षा झाली नाही असं नाही. नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याला बसवलं गेलं, आणि उरुग्वे तो ३-२ असा हरला. म्हणजे दंड भरला गेला, फक्त पावती नेदरलँड्सच्या नावावर फाटली. नुकसान घानाचं, भरपाई तिसऱ्यालाच. निलंबनाची शिक्षा बहुतेक वेळा अशीच चालते, पण साखळीत ते खुपत नाही, कारण तिथे नुकसान झालेला संघ अजून स्पर्धेत असतो.

सुआरेझची तुलना लोक १९८६ मध्ये हाताने गोल करणाऱ्या मॅराडोनाच्या हाताशी किंवा २००९ मधल्या थिएरी ऑन्रीच्या हाताशी करतात. फ्रान्सला विश्वचषकात नेणाऱ्या आणि आयर्लंडला घरी बसवणाऱ्या त्या हाताशी. मला ती तुलना पटत नाही. त्या दोघांचे हात पंचांना दिसलेच नाहीत. ते पकडलं न गेल्याचे प्रकार. सुआरेझ साऱ्या जगासमोर पकडला गेला, नियमाने सांगितलेली सगळी किंमत त्याने मोजली. नियमाने जे मागितलं ते दिल्यावरही अन्याय उरत असेल, तर बोट नियमाकडे जायला हवं.

मग नियम का बदलत नाहीत? बदलून पाहिला होता, आणि तोही पेनल्टीच्या जन्माआधी. १८८२ मध्ये असा नियम आला की मुद्दाम हाताने गोल अडवला तर पंचांनी गोल देऊन टाकावा. एक हंगाम चालला, मग काढून टाकला. रग्बीत आजही अशी तरतूद आहे, बास्केटबॉलमध्ये टोपलीत उतरणारा चेंडू बेकायदा अडवला तर गुण सरळ दिले जातात. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळानेही २०१७ मध्ये चर्चेसाठी काढलेल्या मसुद्यात ही कल्पना ठेवली होती: गोलरेषेवर हाताने अडवलेला चेंडू म्हणजे गोल. चर्चेपलीकडे ती गेली नाही.

विरोधकांचा मुद्दा असा की ‘नक्की गेला असता’ हे ठरवणार कोण? रेषेवरच्या हाताबद्दल ठीक, पण दोन मीटर अलीकडे? चारवर? पंचांच्या हाती कल्पनेतला गोल द्यायचा, तर सीमा कुठे आखायची? मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण आता व्हिडिओ पंच बगलेच्या रेषा काढून ऑफसाइड ठरवतात, तिथे रेषेवर उभ्या माणसाचे दोन हात ओळखणं अवघड जाऊ नये. मी असतो तर गोल दिला असता. २०१६ मध्ये पेनल्टी क्षेत्रातल्या फाउलची शिक्षा थोडी सौम्य केली: चेंडूसाठी प्रामाणिक झटापट करताना चूक झाली तर पिवळ्यावर भागतं. हाताने मुद्दाम अडवणाऱ्याला मात्र ती सवलत नाही. म्हणजे सुआरेझचा गुन्हा आजही लाल कार्ड आणि पेनल्टी, तेवढंच.

पुढे २०२२ मध्ये मोरोक्को आफ्रिकेतून उपांत्य फेरीत पोचणारा पहिला देश ठरला. त्याच विश्वचषकात, २ डिसेंबरला, कतारमध्ये घाना आणि उरुग्वे पुन्हा समोरासमोर आले, या वेळी साखळीत. आदल्या दिवशी पत्रकारांनी सुआरेझला विचारलं, माफी मागणार का? तो म्हणाला, नाही, पेनल्टी मी हुकवली नव्हती. सामन्यात घानाला पेनल्टी मिळाली. मारायला आला कर्णधार आंद्रे आयू, २०१० च्या संघातला एकटा उरलेला. त्या जुन्या रात्री तो पिवळ्या कार्डांमुळे खेळूच शकला नव्हता. त्याची किक गोलरक्षकाने अडवली. उरुग्वे २-० जिंकला, पण दुसऱ्या मैदानावर दक्षिण कोरियाने भरपाई वेळेत पोर्तुगालला हरवलं. गुण सारखे, गोलफरक सारखा, कोरियाचे एकूण गोल जास्त. उरुग्वेला आणखी एक गोल हवा होता आणि तो पडेना. घानाचे लोक आपण बाहेर गेल्याचं विसरून उरुग्वेच्या घड्याळाकडे बघत होते. सुआरेझला तासाभरानंतर बदललं होतं. तो बाकावर बसला होता, जर्सी तोंडावर ओढून.